गॉथिक हॉरर कॅम्पेन सुरू करताना कोणती सोर्सबुक्स आधी घ्यावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमच्या फिफ्थ एडिशनमध्ये (पाचव्या आवृत्तीत) एक नेहमीचं साहसी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, तुम्ही शेवटपर्यंत नेलंत, चार खेळाडूंचा गट छान जमलाय, आणि आता त्याच गटाला घेऊन गॉथिक हॉररकडे वळायचंय. रेव्हनलॉफ्ट या त्याच गेममधल्या गॉथिक जगाबद्दल बरंच ऐकलंय, पण १९८३ पासून त्या नावाखाली इतकी मॉड्यूल्स (तयार साहसं), बॉक्स सेट आणि हार्डकव्हर पुस्तकं आली आहेत की सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. जुनं शोधावं, नवं घ्यावं, की वेगळाच गेम धरावा?

हे उत्तर डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरसाठी आहे. यात 'कर्स ऑफ स्ट्राड'मधली काही गुपितं उघड होतील, त्यामुळे तुमच्या गटातल्या कुणी हे वाचू नये.

सुरुवातीला दोन पुस्तकं पुरतात. एक, २०१६ चं 'कर्स ऑफ स्ट्राड'. दुसरं, १९९१ चं 'व्हॅन रिच्टेन्स गाइड टू व्हॅम्पायर्स'. ते सेकंड एडिशनचं आहे, तरीही घ्या. कारण पुढे सांगतो. २०२१ चं 'व्हॅन रिच्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट' तिसऱ्या क्रमांकावर येतं. बाकीचं सगळं नंतर, आणि त्यातलं बरंचसं कधीच घेतलं नाही तरी काही अडत नाही.

हा क्रम कशावरून लावला ते समजलं, तर पुढची पुस्तकं तुम्हीच निवडू शकाल. साहसी कॅम्पेनला मोठा मुलूख लागतो: नकाशे, राज्यं, देवदेवता, दर गावाला नवं काम. गॉथिक कॅम्पेनला एक माणूस लागतो. त्यानं फार पूर्वी एक भयंकर कृत्य केलंय आणि त्या कृत्यानं त्याची जागा, त्याची प्रजा आणि तो स्वतः असे सगळे अडकून पडलेत. किल्ला, धुकं, वटवाघळं ही सजावट कुठल्याही पुस्तकात मिळते. म्हणून पुस्तक हातात घेतलं की मी त्यातल्या खलनायकाचं पान उघडतो आणि पाहतो की यानं काय केलं, याला काय हवंय जे कधीच मिळणार नाही, आणि खेळाडूंच्या पात्रांकडून याला नेमकं काय हवंय. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक पुस्तकांत असतात. तिसरी ज्या पुस्तकात सापडते ते पुस्तक टेबलावर चालतं. ती नसली तर खलनायक आपल्या किल्ल्यात बसून राहतो, पात्रं बाहेर फिरत राहतात, आणि महिनाभर सेशन होऊनही कुणाला कुणाशी देणंघेणं नसतं.

ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं मूळ 'रेव्हनलॉफ्ट' मॉड्यूल १९८३ मध्ये आलं, आणि ही गोष्ट त्यात तेव्हाच होती. जेमतेम ३२ पानांचं ते पुस्तक. त्या काळातल्या मॉड्यूल्समध्ये व्हॅम्पायर म्हणजे एखाद्या खोलीत वाट पाहत बसलेला राक्षस असे. हिकमन दांपत्यानं त्याला नाव (स्ट्राड), भूतकाळ आणि उद्देश दिला. शिवाय पत्ते काढून ठरे की महत्त्वाच्या वस्तू किल्ल्यात कुठे आहेत आणि स्ट्राडचा यावेळचा हेतू काय आहे. त्यामुळे एकच मॉड्यूल पुन्हा खेळलं तरी वेगळं घडे. 'कर्स ऑफ स्ट्राड' त्याच ३२ पानांचा विस्तार आहे. २५६ पानांत तोच किल्ला, आणि भोवती अख्खं बरोव्हियाचं खोरं.

आता हे पुस्तक पहिलं का, ते जरा सविस्तर सांगतो.

स्ट्राड व्हॉन झारोव्हिचची कथा पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. युद्धात तारुण्य घालवलेला सेनापती, धाकटा भाऊ सर्गेईच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, जीव जडवून बसतो. भावाला लग्नाच्याच दिवशी मारतो. तात्याना त्याच्यापासून पळते आणि किल्ल्याच्या कड्यावरून धुक्यात उडी घेते. तो व्हॅम्पायर होतो, आणि तात्यानाचा आत्मा पुन्हा पुन्हा त्याच खोऱ्यात जन्म घेत राहतो. यावेळी ती इरीना कोल्याना आहे, आणि पात्रं पहिल्याच गावात तिला भेटतात. तिला सुरक्षित जागी पोचवायचं काम त्यांच्या गळ्यात पडतं. इथेच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: स्ट्राडला जे हवंय ते आता पात्रांच्या सोबत चालतंय. तो त्यांच्यामागे येणार, त्यांच्याशी बोलणार, त्यांना जेवायला बोलावणार, आणि हे सगळं पहिल्या महिन्यातच घडणार. इतकी घट्ट बांधणी मला दुसऱ्या कुठल्याही तयार कॅम्पेनमध्ये क्वचितच दिसली आहे.

दुसरं बलस्थान म्हणजे जागा बंदिस्त आहे. खोऱ्याभोवतीच्या धुक्यातून बाहेर पडता येत नाही. जो घुसतो तो थकून, घुसमटून परत येतो. साहसी कॅम्पेनमध्ये खेळाडूंना गाव आवडलं नाही तर ते पुढच्या गावी निघून जातात. इथे व्हलाकी या गावाचा बर्गोमास्टर (नगरप्रमुख), जो लोकांना जबरदस्तीनं सण साजरे करायला लावतो आणि हसला नाही म्हणून तुरुंगात टाकतो, त्याच्याशी काहीतरी करावंच लागतं. त्याला हटवलं तर त्याच्या जागी जे येईल ते बहुधा आणखी वाईट. मला पुस्तकातला सगळ्यात गॉथिक भाग व्हलाकीचाच वाटतो, किल्ल्याचा नाही. डीएम म्हणून तिथे वेळ घालवा.

पुस्तकाचे दोषही सांगायला हवेत, कारण पहिल्यांदा चालवताना तेच नडतात. ते मोकळं आहे. पात्रं कुठल्याही दिशेला जाऊ शकतात आणि चुकीच्या लेव्हलला चुकीच्या ठिकाणी पोचू शकतात. जुन्या पवनचक्कीतल्या हॅग्ज (चेटकिणी) रस्त्यालगतच आहेत आणि कमी लेव्हलच्या गटाला सहज संपवतात. तिथे लढाईखेरीज दुसरी वाट आहे हे खेळाडूंना आधी जाणवू द्या: सौदा, पळ काढणं, नंतर परत येणं. 'डेथ हाउस' हे सुरुवातीचं छोटं साहस पात्रांना पहिल्या लेव्हलवरून तिसऱ्यावर नेतं. वातावरण उत्तम आहे, पण शेवट निर्दय आहे. नव्या गटासाठी मी तळघरातल्या लढाया कमी करतो आणि घराची गोष्ट तशीच ठेवतो. एखाद्या पात्राला पहिल्याच संध्याकाळी मारलं तर खेळाडू पुढच्या पात्रात जीव गुंतवत नाही, आणि गुंतलेला जीव नसेल तर भीतीला धरायला काहीच उरत नाही.

टारोका पत्त्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. ५४ पत्त्यांचा हा संच. भविष्य सांगणारी मॅडम ईव्हा त्यातले पाच पत्ते मांडते. स्ट्राडची रोजनिशी, पवित्र चिन्ह आणि सूर्यतलवार कुठे आहेत, सोबती कोण मिळेल आणि शेवटची गाठ किल्ल्यात कुठे पडेल हे त्यावरून ठरतं. पत्ते तुम्ही एकट्यानं आधी काढून पाहा. निघालेल्या जागांवरून अख्ख्या कॅम्पेनचा मार्ग ठरतो. ते आधी कळलं तर त्या जागांचे इशारे तुम्ही पहिल्या गावापासूनच पेरू शकता. मग टेबलावर तेच पत्ते मांडा आणि ओळी सावकाश वाचा.

शेवटच्या लढतीचं म्हणाल, तर आकड्यांवर स्ट्राड दहाव्या लेव्हलच्या गटापुढे फार काळ टिकत नाही, विशेषतः सूर्यतलवार त्यांच्या हाती असेल तर. पण आपल्या किल्ल्यात तो भिंती, दारं, छत आणि जमिनीतून आरपार जाऊ शकतो, आणि किल्ल्यातलं हार्ट ऑफ सॉरो हे स्फटिकाचं हृदय त्याला बसणारा मार स्वतःवर घेतं. त्याला समोरासमोर उभं करू नका. तो वार करून भिंतीत शिरतो, वरच्या मजल्यावरून हाक मारतो, आणि गटातला एकटा पडलेला माणूस शोधतो. ही लढत एका खोलीत संपली तर समजा किल्ल्याचा नकाशा तुम्ही वापरलाच नाही.

आता १९९१ चं गाइड. डॉ. रुडॉल्फ व्हॅन रिच्टेन हा त्या जगातला एक वैद्य. त्याचा मुलगा व्हॅम्पायर झाला आणि बापालाच त्याला संपवावं लागलं. त्यानंतर तो राक्षसांचा शिकारी आणि अभ्यासक बनतो, आणि ही पुस्तकं त्याच्याच लेखणीतून आल्यासारखी लिहिलेली आहेत. व्हॅम्पायरनंतर भुतं, लिच (जादूनं मरण टाळलेले मांत्रिक), वेअरवुल्फसारखे रूपपालटू जीव, कृत्रिम सजीव, ममी, सैतानी शक्ती अशी मालिका १९९० च्या दशकात येत गेली.

तुम्हाला हे हवं ते एका कारणासाठी. तुमचे खेळाडू अनुभवी आहेत. व्हॅम्पायरला सूर्यप्रकाश, खुंटी आणि वाहतं पाणी चालत नाही हे त्यांना पाठ आहे. जी गोष्ट पाठ आहे तिची भीती वाटत नाही. या गाइडचा सारा भर यावर आहे की प्रत्येक व्हॅम्पायर वेगळा: वयाबरोबर त्याची ताकद वाढते, त्याच्या कमजोऱ्या त्याच्या स्वतःच्या इतिहासातून येतात, आणि शिकाऱ्याला आधी त्याचा भूतकाळ खणावा लागतो. म्हणजे तपास हीच लढाईची तयारी होते. नियमांचे आकडे जुने आहेत, ते सोडून द्या. कल्पना जशाच्या तशा उचला. एखाद्या व्हॅम्पायरला आरसा सहन होत नाही, कारण जिवंतपणी त्यानं आरशासमोरच कुणाचा तरी गळा दाबला होता. असं एक कारण शोधायला खेळाडूंना तीन सेशन लागले, तर त्या आरशाचं महत्त्व त्यांच्यासाठी कुठल्याही जादूच्या तलवारीपेक्षा जास्त असतं.

शिवाय हीच व्यक्ती 'कर्स ऑफ स्ट्राड'मध्ये वेषांतर करून वावरते. व्हलाकीत भेटणारा भडक कपड्यांचा रिक्टाव्हियो म्हणजे व्हॅन रिच्टेनच. गाइडमधले उतारे तुम्ही त्याच्या वहीतली पानं म्हणून हँडआउट करून देऊ शकता. हे करून पाहाच. खेळाडू ते कागद जपून ठेवतात आणि आपापसात त्यावर वाद घालतात. जुनी बहुतेक रेव्हनलॉफ्ट पुस्तकं अधिकृत पीडीएफ म्हणून मिळतात, त्यामुळे दुर्मीळ प्रतीच्या मागे लागायची गरज नाही. संग्रहासाठी घ्यायची असेल तर वेगळी गोष्ट.

व्हॅम्पायरनंतर दुसरं गाइड घ्यावंसं वाटलं तर भुतांवरचं घ्या. भूत कशामुळे मागे राहिलं आणि त्याला कशानं मोकळं करता येईल, हा विचार गॉथिकच्या गाभ्याशी जुळतो, आणि भुताशी लढण्यापेक्षा त्याचं ऐकून घेण्याचे प्रसंग टेबलावर जास्त रंगतात.

२०२१ चं 'व्हॅन रिच्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट' तिसरं का, पहिलं का नाही, असं बरेच जण विचारतात, कारण नावावरून तेच मुख्य पुस्तक वाटतं. ते आडवं पसरलेलं पुस्तक आहे. तीसहून जास्त डोमेन्स (धुक्यानं वेढलेले प्रदेश), प्रत्येकाचा एक डार्कलॉर्ड (शापित स्वामी), आणि हॉररचे वेगवेगळे प्रकार: देहाची विटंबना, लोककथांमधली भीती, भुताच्या गोष्टी, विश्वाच्या अफाटपणाची भीती. वाचायला मेजवानीच आहे. पण बहुतेक डोमेन्सना काही पानंच मिळतात, आणि तेवढ्यात डार्कलॉर्डचा गुन्हा कळतो, कॅम्पेन उभं राहत नाही. ते तुम्हाला उभं करावं लागतं. पहिल्यांदाच गॉथिक चालवणाऱ्याला त्या वेळी आधार हवा असतो, आणि तो 'कर्स ऑफ स्ट्राड' देतं.

तरीही पात्रं बनवण्याआधी हे पुस्तक हाताशी असलं तर दोन गोष्टी मिळतात. धॅम्पिर, हेक्सब्लड आणि रीबॉर्न या लिनियेजेसमुळे (पात्राच्या वंश-प्रकारांमुळे) खेळाडूचं पात्र स्वतःच अर्धं त्या अंधारातलं होतं. आणि डार्क गिफ्ट्स: पात्राला एक अनैसर्गिक शक्ती मिळते आणि तिच्यासोबत एक त्रास चिकटतो. चारही खेळाडूंना डार्क गिफ्ट देऊ नका. एकाला किंवा दोघांना पुरे, म्हणजे बाकीच्यांना साध्या माणसाच्या नजरेनं बघता येतं.

डार्क गिफ्ट्सचं मूळ १९९० च्या 'रेल्म ऑफ टेरर' बॉक्स सेटमध्ये आहे, आणि जुन्या बॉक्स सेटबद्दलचा तुमचा प्रश्न इथे येतो. ब्रूस नेस्मिथ आणि अँड्रिया हेडे यांनी त्यात रेव्हनलॉफ्टचं मॉड्यूल अख्ख्या सेटिंगमध्ये वाढवलं: धुक्यानं वेढलेले प्रदेश, प्रत्येकावर एक शापित स्वामी, आणि तो आपली सीमा आपल्या पद्धतीनं बंद करू शकतो. नियमांत तीन नव्या तपासण्या आल्या: भीतीची, भयाच्या धक्क्याची, आणि पॉवर्स चेक. पहिल्या दोनबद्दल माझं मत चांगलं नाही. तुझं पात्र घाबरून पळालं, असं फाशानं सांगितलं की खेळाडू चिडतो, घाबरत नाही. पॉवर्स चेक मात्र अजोड आहे. पात्रानं दुष्कृत्य केलं की त्याच्या गांभीर्यानुसार टक्केवारीचा फासा टाकायचा. अदृश्य शक्तींचं लक्ष गेलं तर पात्राला एक बक्षीस मिळतं आणि एक शाप. दुसऱ्या वेळी आणखी मोठं बक्षीस, आणखी खोल शाप, आणि अशा पायऱ्या उतरत शेवटी पात्र स्वतःच डार्कलॉर्ड होऊ शकतं.

हा एक नियम तुमच्या कॅम्पेनमध्ये आणलात तर खेळाचा सूर बदलतो. कैद्याला मारायचं का, खोटी शपथ घ्यायची का, या प्रश्नांवर खेळाडू थांबतात. 'कर्स ऑफ स्ट्राड'मधलं अँबर टेंपल याच धाग्यावर उभं आहे. तिथल्या शक्ती एकेक वरदान देऊ करतात आणि त्याची खूण देहावर किंवा स्वभावावर सोडतात. पण ते ठिकाण खूप उशिरा येतं. पॉवर्स चेकमुळे तोच मोह पहिल्या महिन्यापासून टेबलावर असतो. पहिलं बक्षीस लहान आणि खरोखर उपयोगी द्या, अंधारात दिसणं किंवा सावलीत नाहीसं होणं. शाप असा द्या की इतर पात्रांना तो आधी दिसेल.

संपूर्ण जुनं सेटिंग हवं असेल तर बॉक्स सेटच्या आधी १९९७ चं 'डोमेन्स ऑफ ड्रेड' बघा. एका हार्डकव्हरमध्ये प्रदेश, इतिहास आणि नियम एकत्र आहेत. जुन्या आणि नव्या रेव्हनलॉफ्टमधला मोठा फरक तिथे लक्षात येतो. जुन्यात 'कोअर' नावाचा एक सलग भूखंड होता, डोमेन्स एकमेकांना लागून, त्यांच्यात व्यापार, हेरगिरी, युद्धं. २०२१ मध्ये ते सगळं तोडून प्रत्येक डोमेन धुक्यातलं वेगळं बेट केलं. एका खलनायकाच्या कॅम्पेनला बेटं सोयीची. दोन-तीन वर्षं चालणारं, प्रवासाचं, डार्कलॉर्ड्सच्या आपसातल्या वैराचं कॅम्पेन करायचं असेल तर जुना सलग नकाशा कितीतरी श्रीमंत आहे. त्या वेळी थर्ड एडिशनच्या काळातली पाच गॅझेटिअर्स घ्या. डार्कन या डोमेनच्या स्वामी अझालिनसाठी 'एस' नावाची एक विदुषी देशोदेशी फिरून अहवाल लिहिते, अशी त्यांची रचना आहे. इतक्या बारकाईनं ते प्रदेश दुसरीकडे कुठेच उतरलेले नाहीत. पण सुरुवातीला ती वाचलीत तर माहितीतच बुडाल.

१९८६ चं 'द हाउस ऑन ग्रिफन हिल', २००६ चं 'एक्स्पिडिशन टू कॅसल रेव्हनलॉफ्ट' ही चांगली पुस्तकं आहेत, पण तुम्हाला आत्ता त्यांची गरज नाही.

दुसरा गेम धरावा का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या खेळाडूंना काय आवडतं त्यावर आहे. फिफ्थ एडिशनची पात्रं बलवान असतात. रात्रभर झोपली की सगळ्या जखमा भरतात, बऱ्याच जणांना अंधारात दिसतं, अन्नपाणी मंत्रानं तयार होतं. भीतीच्या खेळाला हे मारक आहे. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एक पर्यायी नियम आहे, छोटी विश्रांती ८ तासांची आणि मोठी ७ दिवसांची. बरोव्हियात मी तो जसाच्या तसा वापरत नाही, कारण ७ दिवस स्ट्राडला स्वस्थ बसवणं अवघड होतं. त्याऐवजी मोठी विश्रांती फक्त सुरक्षित छताखालीच मिळेल, असं ठरवा. मग चर्च, सराय, एखाद्या एनपीसीचं (डीएम चालवतो त्या पात्राचं) घर यांना किंमत येते, आणि ते छत जळतं तेव्हा खेळाडूंना ते खरंच लागतं.

एवढं करूनही तुमच्या गटाला लढाईपेक्षा तपास आवडत असेल, तर फ्री लीग या प्रकाशकांचा २०२० चा 'व्हेसेन' घ्या. एकोणिसाव्या शतकातला उत्तर युरोप, लोककथांमधले जीव, आणि ते जीव पाहण्याची दृष्टी मिळालेल्या लोकांची संस्था. जीवांना शस्त्रानं कायमचं हटवता येत नाही. प्रत्येकाचा एक गुप्त विधी असतो आणि तो शोधावा लागतो. प्रत्येक रहस्याला मुदत असते, पात्रांनी काही केलं नाही तर टप्प्याटप्प्यानं काय बिघडेल हे आधीच लिहिलेलं. ही मुदतीची पद्धत तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही उचलू शकता आणि उचलावीच. स्ट्राडच्या पुढच्या चार चाली एका कागदावर लिहून ठेवल्या की डीएमला कधीच रिकामं वाटत नाही.

'कॉल ऑफ क्थुलू'चं नाव हॉरर म्हटलं की पहिलं निघतं, १९८१ पासूनचा तो फार भक्कम गेम आहे, आणि १८९० च्या दशकातल्या इंग्लंडसाठी 'क्थुलू बाय गॅसलाइट' हे स्वतंत्र पुस्तक त्यात आहे. पण त्यातली भीती वेगळ्या जातीची. तिथल्या महाशक्तींना माणूस दिसतही नाही. गॉथिकमधल्या दुष्टाला तुम्ही दिसता, तुमचं नाव माहीत असतं, त्याला तुमच्यात स्वतःचं कुणीतरी दिसतं. व्हिक्टोरियन पार्श्वभूमी आवडते पण भीती गॉथिकच हवी, अशांसाठी १९९४ चं 'मास्क ऑफ द रेड डेथ' आहे. रेव्हनलॉफ्टचेच नियम त्यात १८९० च्या दशकातल्या पृथ्वीवर आणलेत. आणि खेळाडूंना स्वतःच व्हॅम्पायर व्हायचं असेल तर १९९१ पासूनचा 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड', तो मग पूर्ण वेगळा खेळ आहे.

कुठलंही पुस्तक घेतलंत तरी सेशन झिरो (खेळ सुरू होण्याआधीची चर्चेची बैठक) टाळू नका. गॉथिक गोष्टींमध्ये ताबा गाजवणारं प्रेम, कोंडून ठेवणं, मुलांचे मृत्यू, कुटुंबातली हिंसा हे विषय अंगभूतच आहेत. 'डेथ हाउस'मध्ये लहान मुलांची भुतं आहेत, पवनचक्कीतला प्रकार मुलांबद्दलचाच आहे, आणि स्ट्राड इरीनाशी जे करतो ते सरळ पाठलाग आणि छळ आहे. कथानक न फोडता विषयांची यादी खेळाडूंसमोर ठेवा. काय अजिबात नको आणि काय घडलं तरी पडद्याआड राहावं, हे प्रत्येकाला एकांतात लिहून देऊ द्या. टेबलाच्या मध्ये एक्स-कार्ड ठेवा, म्हणजे कारण न सांगता प्रसंग थांबवता येतो. २०२१ च्या पुस्तकात यावर चांगलं प्रकरण आहे. माझा अनुभव असा की हे केलेल्या गटात भीती जास्त खोल जाते, कारण थांबता येतं हे माहीत असलं की लोक पुढे जायला तयार होतात.

जुन्या पुस्तकांतल्या व्हिस्तानींबद्दलही (रेव्हनलॉफ्टमधल्या भटक्या लोकांबद्दलही) सावध राहा. भटक्या रोमा लोकांबद्दलचे जुने, अपमानकारक समज त्यात थेट उतरले आहेत: चोरटे, दारुडे, स्ट्राडचे हस्तक. 'कर्स ऑफ स्ट्राड'च्या २०२० मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत हा मजकूर बदलला गेला. प्रत घेताना सुधारितच घ्या, आणि जुनं काही वापरताना व्हिस्तानींना नाव, घर आणि वेगवेगळी मतं असलेली माणसं म्हणून उभं करा. कथेलाही त्याचा फायदा होतो. धुक्यातून ये-जा करू शकणाऱ्या लोकांवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न सगळे एकाच साच्याचे असतील तर उरतच नाही.

वाचायचं कसं, तर 'कर्स ऑफ स्ट्राड' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचू नका. आधी स्ट्राडची कथा आणि त्याला कसं चालवायचं ते प्रकरण, मग पत्त्यांचं, मग बरोव्हिया गाव आणि व्हलाकी. किल्ल्याचं प्रकरण मोठं आणि गुंतागुंतीचं आहे, ते नकाशा शेजारी ठेवून दोन-तीन बैठकांत वाचा. मेजवानीचं आमंत्रण लवकर येऊ शकतं, त्यामुळे मुख्य मजल्याची ओळख आधी हवी. उरलेली ठिकाणं पत्त्यांनी जो क्रम दिला त्या क्रमानं.

आणि तुमच्या चौघांपैकी कुणी स्ट्राडची गोष्ट आधी खेळलेलं असेल, तर क्रम उलटा करा. २०२१ चं पुस्तक पहिलं घ्या आणि त्यातलं 'हाउस ऑफ लॅमेंट' हे पहिल्या लेव्हलपासूनचं साहस चालवा. पछाडलेलं घर आहे, आत्म्यांशी बोलण्याच्या बैठका आहेत, आणि लढाईपेक्षा संवाद जास्त. नंतर एकच डोमेन निवडा. मॉर्डेंटमध्ये विल्फ्रेड गोडफ्रॉय आहे, बायको आणि मुलीचा खून करून स्वतः भूत झालेला. डेमेंट्लियूमध्ये सगळं उच्चभ्रू शहर मुखवट्यांवर चालतं आणि ढोंग उघडं पडणं म्हणजे मृत्यू. कलाकेरीमध्ये महाराणी रम्या आपल्याच भावंडांशी सिंहासनासाठी न संपणारं युद्ध लढतेय, आणि भारतीय दरबारांच्या छटा असलेलं ते डोमेन आपल्या वाचकांना चटकन डोळ्यांसमोर उभं राहील. यातला जो डार्कलॉर्ड वाचताना तुम्हाला त्याच्याबद्दल राग आणि कणव दोन्ही वाटेल तो घ्या, आणि त्याला तुमच्या चार पात्रांपैकी नेमकं कोण हवंय आणि कशासाठी, हे पहिल्या सेशनआधी एका परिच्छेदात लिहून काढा.